लॉरीची हळद

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या, असं अंक काढणारे आमचे मास्तर म्हणाले तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, "मास्तर, मी जन्मभर लोकांच्या टायरात हवा भरली. हवेवर काय लिहायचं?" मास्तर म्हणाले, "बाकीचे लेखकही हवाच पाठवतात. तुमची निदान मोजलेली असेल." ते हसत निघून गेले आणि मी त्या 'मोजलेली' या शब्दापाशी अडकून बसलो. कारण मोजलेल्या हवेनंच माझ्या उस्तादांचा कान गेला. ऐकू येणं गेलं असं नाही. कानावरचा त्यांचा विश्वास गेला, आणि तो घालवण्यात माझा हात होता. ही गोष्ट मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. तीत हसण्यासारखं बरंच आहे, तेव्हा हसायला लाजू नका.

करीम उस्तादांचं दुकान हिंगोलीला स्टेशनच्या रस्त्यावर एका कडुनिंबाखाली होतं. दुकान म्हणजे चार खांब, वर पत्रे, पुढे पाण्याचं दगडी टाकं, एक हातपंप आणि उस्ताद. तेव्हा निजामाचं राज्य होतं, दुसरी लढाई नुकतीच संपली होती आणि गावात लॉऱ्या इतक्या थोड्या होत्या की कुठली येते आहे हे भोंग्यावरून कळे. उस्तादांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डफ आणि ताशे मढवायचं काम. पहिल्या लढाईच्या वेळी ते सिकंदराबादेला लष्कराच्या मोटारखान्यात लागले आणि चाकांत रमले. पण कान घरचाच राहिला. टायरावर ते लाकडी मोगरी मारायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि आकडा सांगायचे. "पासष्ट. पाच कमी." मोटारखान्यातला गोरा साहेब सुरुवातीला दर वेळी हवा मोजून खात्री करायचा. पुढे त्यानं मोजणं सोडून दिलं, असं उस्ताद सांगत. मी लोहाराचा पोरगा, नाव नामदेव. तेव्हा पंचविशी उलटली होती, घरी बायको आणि दोन लेकरं होती. भात्यापाशी वाढलो म्हणून हवेशी जुनी ओळख. उस्तादांच्या हाताखाली मला सहा वर्षं झाली होती.

ज्यांचा चाकाशी संबंध फक्त त्यावरून जाण्यापुरता येतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लॉरीचं ओझं रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी पडली की टायर बसतं, कडा घासतात, रबर तापतं आणि एखाद्या भर दुपारी फाटतं. हवा जास्त झाली की टायर फुगतं, मधला पट्टा तेवढा रस्त्याला टेकतो आणि वाटेतला प्रत्येक खडा बसलेल्या माणसाच्या मणक्यापर्यंत पोचतो. टायर रस्त्याला अंगभर टेकलं पाहिजे, एवढीच सगळी विद्या. पण त्या काळी ही विद्या हातपंपाच्या दांड्यातून जायची. लॉरीचं एक टायर भरायला दोन माणसं आलटूनपालटून लागत, आणि चारही भरून झाली की जेवताना घास तोंडापर्यंत न्यायला हात उठत नसे.

गिऱ्हाइकंही एकेक नामी होती. एक जहागीरदार दर मोसमाला जुनी हवा काढून नवी भरून घेत. म्हणत, "उन्हाळ्याची हवा पावसाळ्यात कशाला? आत शिळी झाली असंल." कळमनुरीच्या एका वकिलांना पहाटेचीच हवा लागे, ती थंड आणि स्वच्छ असते म्हणून. ते तांबडं फुटायला गाडी घेऊन येत आणि उन्हाची हवा आत मिसळू नये म्हणून शेवटपर्यंत खुर्ची टाकून पहारा करत. आम्ही सगळ्यांचं सगळं करत होतो. हवा त्यांची, हौस त्यांची, हात तेवढे आमचे.

अशा वेळी मला सुधारणेचा झटका आला. हैदराबादेला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकरवी मी हवा मोजायचं यंत्र मागवलं. गोल डबी, वर काच, आत काटा आणि शंभर पौंडांपर्यंत आकडे. लोक त्याला घड्याळ म्हणत आणि काही जण जाता जाता वेळही विचारत. उस्तादांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. तुला लागंल." मला ते जरा झोंबलं.

दुसऱ्याच आठवड्यात टायरातली हवा मोजून ते काढताना माझ्या हातून सुटलं आणि टाक्याच्या दगडावर आपटलं. काच फुटली, काटा निसटून पडला. उस्ताद नमाजाला गेले होते. मी घाईघाईनं काटा शून्यावर धरून परत दाबून बसवला, तसबिरीवाल्याकडून काच कापून आणली आणि ते परत येण्याच्या आत सगळं जागच्या जागी केलं. घड्याळ पहिल्यासारखंच दिसत होतं. मी कोणाला काही बोललो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गणपा आला.

गणपा आखाडा बाळापूरकडचा धनगर. निम्मी मेंढरं विकून त्यानं लष्कराच्या मोडीतली एक हिरवी लॉरी लिलावात घेतली होती आणि दहा दिवसांत ती चालवायला शिकला होता. पण सवयी मेंढरांच्याच राहिल्या. लॉरीत चढायच्या आधी तो तिच्या नाकाडावर थाप मारायचा, आणि उभी केली की पुढच्या चाकाला दोर बांधून दुसरं टोक कडुनिंबाला बांधायचा. म्हणायचा, "मोकळं सोडलेलं जनावर भरवशाचं न्हाई, मिस्तरी." तिचा ब्रेक आम्ही पाहिला होता, त्यामुळे त्या दोराला कोणी हसत नव्हतं.

लॉरीची मूळची टायरं घासून कापडावर आली होती आणि त्या मापाची नवी कुठं मिळेनात. गणपानं त्याच लिलावातून दुसऱ्या, मोठ्या गाडीची चार टायरं आणली. ती चाकांवर बसली, पण चांगली गलेलठ्ठ दिसत होती. चाकांवरचे पत्रे मला घणानं ठोकून उचलावे लागले. दाराच्या आत पितळी पट्टीवर मागच्या चाकांसाठी सत्तर पौंड असं कोरलेलं होतं, पण तो आकडा लहान टायरांचा.

"मंग आता किती भरायची?" गणपानं विचारलं.

"ऐंशी," उस्ताद म्हणाले. "मोठा डफ मढवायचा तर कातडं जास्ती ताणावं लागतं. लहान डफाचा ताण मोठ्याला दिला तर तो नुसता ढबढब करतो. टायर मोठं झालं, ताण बी वाढला पायजे."

डफाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. मी भीत भीत म्हणालो, "उस्ताद, वजन तेवढंच हाय. टेकायला जागा तेवढी वाढली. मंग हवा कमी लागंल का न्हाई?"

"तू भाता वढलास नामा, मी डफ मढवले," ते म्हणाले, आणि विषय संपला.

मी आणि एका हमालानं मिळून सकाळभर पंप हाणला. काटा ऐंशीवर आला तेव्हा माझे हात माझे राहिले नव्हते. उस्तादांनी मोगरी मारली आणि भुवया चढवल्या. "पंच्याण्णव झाली."

"घड्याळ ऐंशी म्हणून राहिलं, उस्ताद."

त्यांनी पुन्हा मारली, पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "नवं कातडं हाय, जाड हाय. आवाज चढा येत असंल." आणि लॉरी सोडली.

ती लॉरी त्या दिवशी रहिमतबीच्या बांगड्या घेऊन गेली. रहिमतबी कळमनुरीची बांगडीवाली, विधवा बाई, आसपासच्या सगळ्या बाजारांना माल पुरवणारी. तिच्या काचेच्या बांगड्यांच्या पेट्या आगगाडीनं हिंगोलीला उतरत आणि एरवी बैलगाडीनं सावकाश घरी जात. या वेळी मोटारीनं लवकर पोचतील म्हणून तिनं गणपाला सांगितलं होतं, आणि स्वतःही शेजारी बसली होती. तिसऱ्या दिवशी ती दुकानासमोर उतरली आणि एक पेटी आमच्या पुढ्यात उपडी केली. आतून रंगीत चुरा पडला. तिच्यामागून गणपा आला. त्याच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं.

"टपाला डोकं लागलं," तो म्हणाला. "बसल्या जागी उडून राहिलो. मागं एक बोकड घेतला होता, त्यो कयाधू नदीच्या अलीकडंच उडी टाकून पळाला. मी पाह्यलं, पन थांबायची माझीबी हिंमत झाली न्हाई."

रहिमतबी उस्तादांना म्हणाली, "करीमभाई, मी हात बघून बांगडी देत न्हाई. दाबून बघते. हाडापेऱ्याचा हात लहान दिसला तरी मोठी बांगडी मागतो. तुमी नुसतं टायर बघून हवा भरली."

"मी ऐकून भरतो, आपा."

"मंग कान गेला तुमचा," ती म्हणाली. "जुम्म्याला दुसरा माल येऊन राहिला. त्योबी असाच फुटला तर मी बाजारोबाजार सांगत फिरीन."

तोवर रस्त्यावर दहा-वीस माणसं जमली होती. उस्तादांचा चेहरा उतरला. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिशोब चुकला असंल माझा. चुकला तर कबूल करीन. पन कान चुकला असं निघालं तर ही मोगरी पुन्हा चाकाला लावणार न्हाई."

हे बोलणं पुढे किती महागात पडेल हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. माझं लक्ष तेव्हा गणपाच्या टायराकडे होतं. मोंढ्यात, म्हणजे मालाच्या बाजारात, वाळलेली हळद पिंपात घालून घासतात, त्याची पिवळी धूळ तिथं जमिनीवर पसरलेली असते. लॉरी त्या धुळीतून आली होती. टायराच्या मधोमध चार बोटं रुंदीचा पिवळा पट्टा उमटला होता, आणि दोन्ही कडा काळ्याभोर होत्या. टायर नुसत्या पोटावर चाललं होतं. मला एवढा आनंद झाला की मी रहिमतबीच्या काचेवरून अनवाणी चाललो आणि ते मला घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी घमेलंभर हळद पाण्यात कालवली. बेत सोपा होता. लॉरीवर नेहमीएवढं वजन घालायचं, मागच्या टायरावर या कडेपासून त्या कडेपर्यंत हळदीचा जाड पट्टा ओढायचा, नाक्यापर्यंत जाऊन यायचं आणि हळद कुठं पुसली ते बघायचं. मध्येच पुसली तर हवा जास्त. कडांनाच पुसली तर हवा कमी. सगळीकडे सारखी पुसली की मोजायचं, आणि तो आकडा धरायचा. गणपानं हळदीची पोती भरली. मी काथ्याचा कुंचला घेऊन खाली बसलो आणि टायराला हळद लावायला सुरुवात केली.

टाक्यावर पाण्याला आलेल्या दोन बायका थांबल्या. त्यातल्या म्हातारीनं विचारलं, "काहून हळद लावून राहिले रे बाबा?"

मी उत्तर देईपर्यंत गणपा पुढे झाला. त्याच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेलं तेज आलं होतं. "नवी हाय, मावशी," तो म्हणाला. "घेतल्यापसून हिचं काईच करायचं झालं न्हाई."

म्हातारी हंडा ठेवून माझ्याशेजारी बसली. "पुरुष लावतात व्हय हळद? सरक तिकडं," म्हणाली आणि कुंचला बाजूला टाकून हातानं लावू लागली. पट्टा वाकडा गेला तर सगळं फसणार होतं, म्हणून मी तिला एकसारखं सांगत होतो, मावशी, कडेपर्यंत, मावशी, सारखी लावा. ती म्हणाली, "सात पोरींची लग्नं केली मी. मला शिकवू नको." आणि खरं सांगतो, तिच्याइतका सरळ पट्टा माझ्या हातून कधी आला नसता.

पहिल्या फेरीला वीसेक माणसं मागून चालत आली. तिसऱ्या फेरीला गाणी सुरू झाली होती आणि दिव्यांना मुंडावळ्या बांधल्या गेल्या होत्या. लॉरी नवरा की नवरी यावरून वाद पेटला. गणपानं विचार करून सांगितलं, "मेंढी हाय, मेंढा न्हाई," तेव्हा तो मिटला. तेवढ्यात पोलीस जमादार आले आणि जुलूसाची परवानगी मागू लागले. मी हात जोडून सांगितलं की हा जुलूस नाही, हवा मोजणं चाललं आहे. त्यांनी मुंडावळ्यांकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या हातांकडे पाहिलं आणि परवानगी नाही तर निदान शिस्त तरी पाहिजे म्हणून स्वतः पुढे चालू लागले.

मला खरी तकलीफ झाली ती वऱ्हाडाची. दर फेरीला आठ-दहा माणसं पोत्यांवर चढून बसत आणि वजन बदले. वजन बदललं की हळद वेगळी पुसते. मी ओरडत होतो, "वऱ्हाड खाली उतरवा." त्यावर एक फेटेवाले गृहस्थ रुसले. लॉरीशी त्यांचं काय नातं होतं देव जाणे, पण वऱ्हाडाला उतरवलं म्हणून ते टाक्याच्या दगडावर पाठ फिरवून बसले. त्यांना गूळपाणी देऊन समजूत काढेपर्यंत एक फेरी खोळंबली.

काटा ऐंशीवर असताना हळद मध्येच पुसली. सत्तरला मध्येच. साठला मध्येच, पण पट्टा रुंदावला. दर वेळी मी सकाळभर पंप हाणून भरलेली हवा सूं करत सोडून देत होतो, आणि हमाल माझ्याकडे खाऊ की गिळू असा पाहत होता. पन्नासला थोडं राहिलं. चाळीसला हळद या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. खात्रीसाठी आणखी पाच सोडली तर नुसत्या कडा पुसल्या. ती पाच मी परत भरली आणि काटा चाळीसवर आणून हात वर केला. लोकांनी अक्षता टाकल्या.

उस्ताद सकाळपासून खाटेवर बसून हे बघत होते. आता ते उठले, चाकापाशी उकिडवे बसले आणि टायरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग मनापासून हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "डफ न्हाई हे. माझा हिशोब चुकला, नामा. तुझा बराबर निघाला."

तिथं सगळं संपायला हवं होतं. पण हाताला सवय. त्यांनी मोगरी उचलली, टायरावर मारली, मान तिरकी केली आणि समाधानानं म्हणाले, "पंचावन्न."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "घड्याळ काय म्हणतं?"

मी घड्याळ लावलं. चाळीस. मी ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. का धरलं? ज्या घड्याळाला उस्तादांनी 'तुला लागंल' म्हटलं होतं ते आज जिंकलं होतं, म्हणून धरलं. लोक हसले. वऱ्हाड होतं, हसायलाच आलं होतं.

उस्तादांनी पुन्हा मोगरी मारली. मग तिसऱ्यांदा. "पंचावन्न वाजून राहिलं," ते हळू आवाजात म्हणाले. मग मोगरी खाली करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घड्याळ बराबर हाय, नामा?"

त्या क्षणी मला टाक्याचा दगड आठवला. फुटलेली काच आठवली, घाईनं दाबलेला काटा आठवला. समोर शंभरेक माणसं होती, जमादार होते, पुढच्या मालासाठी थांबलेली रहिमतबी होती, आणि माझ्या धंद्यातला तो पहिला विजय होता.

"बराबर हाय, उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी मोगरी माझ्या हातात दिली आणि चपला घालून घरी गेले.

शुक्रवारचा माल कळमनुरीला पोचला. रहिमतबीनं सगळ्या पेट्या उघडल्या तेव्हा मूठभर बांगड्या फुटलेल्या निघाल्या, आणि बैलगाडीत याहून जास्त फुटत होत्या असं तिनंच सांगितलं. त्यानंतर लांबलांबून लॉऱ्या आमच्याकडे येऊ लागल्या, पण हवेसाठी नाही. चालक उतरून म्हणत, "मिस्तरी, हळद लावून द्या." मी सांगून थकलो की हळदीत काही नाही, ती फक्त खूण आहे. ते मान हलवत, हळद लावून घेत आणि ती कुठं पुसली ते न बघताच निघून जात; हवा मी घड्याळ बघूनच भरत होतो. एकानं तर टायरं पंक्चर होऊ नयेत म्हणून चारही चाकांना लावून घेतली आणि हवा तपासायला नकार दिला.

उस्ताद दुकानात पुन्हा आले नाहीत. ते कळमनुरीला बहिणीकडे जाऊन राहिले आणि डफ मढवू लागले. मी दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. त्यांची खबर गणपाकडून कळे. एकदा तो म्हणाला, "उस्ताद डफ मढवतेत चांगला, पन वाजवून बघत न्हाईत. रस्त्यानं जानाऱ्याला बलावतेत आन म्हनतेत, बरा वाजतो का बघा जरा." मी पंपाचा दांडा सोडून दुकानामागे निघून गेलो.

पुढे गडबडीचे दिवस आले, लॉऱ्या बंद पडल्या. निजामाचं राज्य गेलं आणि रस्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा नांदेडहून मी नवं घड्याळ आणलं, जुन्याची काच हळदीच्या हातांनी फारच पिवळी पडली म्हणून. कडुनिंबाला बांधलेल्या गणपाच्या लॉरीवरच ते पहिल्यांदा लावून पाहिलं. आदल्याच दिवशी जुन्या घड्याळानं मोजून मी तिच्यात चाळीस ठेवली होती. नवा काटा पंचावन्नवर जाऊन थांबला.

मी पुन्हा लावलं. दुसऱ्या चाकाला लावलं. रस्त्यानं चाललेली दुसरी लॉरी थांबवून तिला दोन्ही घड्याळं लावली. सगळीकडे तोच फरक, पंधरा पौंडांचा. मग जुनं घड्याळ उघडलं आणि सगळा उलगडा झाला. ते पडलं तेव्हा त्याच्या नळीत थोडी हवा अडकून राहिली होती. तशा भरल्या पोटी मी काटा शून्यावर बसवला होता. नंतर ती हवा निघून गेली, आणि काटा शून्याच्या खिळ्याला टेकून गुपचूप बसला. पंधरा पौंड आत गेल्याशिवाय तो जागचा हलतच नव्हता. मधल्या काळात हिंगोलीतल्या सगळ्या लॉऱ्यांत मी घड्याळ बघून पंधरा पौंड जास्त हवा भरली होती, आणि लोकांनी उगाच रस्त्यांना शिव्या घातल्या होत्या. अख्ख्या गावात एकच लॉरी नीट हवेवर चालत होती, ती गणपाची, कारण तिचा आकडा हळदीनं ठरवला होता. आणि तो आकडा, पौंडाला पौंड, करीम उस्तादांनी मोगरीनं ऐकून भर रस्त्यात सांगितला होता.

मी गणपाला म्हटलं, "दोर सोड. कळमनुरीला चल."

उस्ताद बहिणीच्या ओट्यावर एक मोठा डफ मांडीवर घेऊन बसले होते. दाढी पांढरी झाली होती. मला बघून म्हणाले, "ये, बस. पानी पी." मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, दगडापासून पंचावन्नपर्यंत, आणि दोन्ही घड्याळं त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान शिवी तरी देतील. मला शिवी हवी होती.

त्यांनी जुन्या घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. "तसबिरीची काच हाय ही," ते म्हणाले. "बदललीस त्याच दिवशी पाह्यली होती मी."

मी विचारलं, "मंग तवाच इचारलं काहून न्हाई, उस्ताद?"

"इचारलं होतं की," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. घड्याळ बराबर हाय का, नामा. तू म्हणालास, बराबर हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि मी ते पुसलंही नाही. गणपा ओट्याखाली उभा राहून लॉरीला कुठं बांधावं ते शोधत असल्यासारखं करत होता. मी पिशवीतून मोगरी काढून दोन्ही हातांनी उस्तादांपुढे धरली. ते डफ बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हात देत उठले, मोगरी घेतली आणि रस्त्यावर उतरून लॉरीच्या मागच्या चाकावर मारली. मान तिरकी केली.

"उन्हात चालून आली," ते म्हणाले. "अठ्ठावन्न झाली. तीन सोड."

मी खाली बसून तीन पौंड सोडली. त्यांनी पुन्हा मोगरी मारली आणि मान डोलावली. दोन्ही घड्याळं ओट्यावरच पडली होती. मी मोजून पाहिलं नाही.